नाचणगावचा बेस बॉल

आता तुमच्यापासून काय लपवायचं? अर्ध्या वर्ध्याला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा मीच सांगते. चहा घ्या आधी.

मी शाळेत खेळाची शिक्षिका होते, मुलींना बेसबॉल शिकवायची. रिटायर झाले आणि डोक्यात किडा शिरला, की आपल्या जिल्ह्यातल्या बेसबॉलचा इतिहास लिहायचा. कुणी मागितला होता का? नाही! पण नागपूरचे ढोले सर विदर्भाच्या बेसबॉलवर पुस्तक लिहीत होते आणि त्यांचं ठाम म्हणणं, की हा खेळ आधी नागपुरात आला, मग आमच्याकडे. मला ते मुळीच पटत नव्हतं. का? तर सर नागपूरचे होते म्हणून.

"पुरावा आणा मॅडम," सर म्हणाले. "पहिलं प्रकरण बदलतो. वर तुमचं नाव घालतो."

पुस्तकात नाव! झालं, मी गावोगाव म्हातारी माणसं शोधत फिरायला लागले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, आमच्या आबाजीले भेटा ना. लय जुन्या गोष्टी सांगते ते." आबाजी म्हणजे तिचे आजोबा. राहायला नाचणगावला, वय पंच्याऐंशीच्या पुढे, दात दोन, आवाज खणखणीत. मी वही उघडून समोर बसले.

"आबाजी, लहानपणी काय खेळायचे तुम्ही?"

"काय बी खेळो. बॉल खेळो. बेस बॉल खेळो आमी!"

मी घाईघाईने पेनाचं टोपण काढलं. "बेसबॉल? बॅट होती?"

"बॅट कुठची? बाभळीचा दांडा."

"आणि झेलायला हातमोजा?"

"हातानंच झेलो. बॉल चिंध्याचा होता, मायनं शिवून देल्ता."

बघा! बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळात खेळाडू मोज्याशिवायच झेलत, हे मी वाचलेलं होतं. पुरावा आपणहून चालत येत होता हो!

"मारल्यावर पळत होते?"

"पळत नाई त का तिथंच बसून राहो?"

"शिकवायला एखादा गोरा साहेब असेल ना?"

आबाजींनी जरा आठवून पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "असंन बा," ते म्हणाले.

मी वहीत लिहिलं, 'होता.'

घरी येऊन एका बैठकीत लेख लिहिला, 'विदर्भातला पहिला बेसबॉलपटू.' सिंदी मेघेला मुलींची स्पर्धा होती, तिच्या स्मरणिकेत पहिल्याच पानावर तो छापून आला. मग मी आयोजकांच्या मागे लागून आबाजींचा सत्कार ठरवला. प्रमुख पाहुणे म्हणून कुणाला बोलवायला लावलं? ढोले सरांना! माणूस समोर बसून हरला पाहिजे ना?

आबाजी इस्त्रीचं धोतर नेसून, नवी टोपी घालून आले. सोबत अख्खं घर, दोन ऑटो भरून. शाल झाली, नारळ झाला. भेट म्हणून बेसबॉलचा ग्लोव्ह दिला, एकाच हातात घालायचा असतो तो. आबाजींनी तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "दुसरा कुठं हाय? एकच काऊन देला?"

लोक कौतुकाने हसले. मीही हसले. ढोले सर मात्र हसले नाहीत. त्यांनी आबाजींच्या हातात माइक दिला आणि शांतपणे विचारलं, "आबाजी, तुमच्या मैदानावर बेस किती होते?"

सोपा प्रश्न. शाळेतली पोरगी सांगेल, पळताना शिवायचे बेस चार.

आबाजी विचारात पडले. "बेस त दोघंच होते," ते म्हणाले. "एक मी, अन् एक माहा चुलतभाऊ. बाकीचे पोट्टे असेच. त्याइले बॉल सापडेच ना."

मांडवात कुजबूज सुरू झाली.

"बेस म्हणजे काय, आबाजी?" सरांनी विचारलं.

"बेस म्हंजे बेस! चांगला! मॅडमनं इचारलं काय खेळत होते, त मी म्हनलं, बेस बॉल खेळो आमी."

आता मला सांगा, हे मला कळायला नको होतं? जन्म माझा याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावचा. वरण चांगलं झालं तर घरात मी 'बेस झालं' म्हणते. पण वही उघडली, की माझ्या कानाला फक्त इंग्रजीच ऐकू येत होतं!

नागपूर जिंकल्याचं दुःख होतंच, पण खरी लाज वाटली ती त्या नव्या टोपीची. आपल्या हौसेपायी एवढ्या म्हाताऱ्या माणसाला लोकांसमोर उभं केलं. मी धावत स्टेजवर गेले.

"मॅडम, मी काई चुकलो का?" आबाजींचा चेहरा पडला होता.

"नाही हो आबाजी, चूक माझी. पण मी सारखं बेसबॉल, बेसबॉल करत होते, गोऱ्या साहेबाचं विचारत होते, तेव्हाच तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारतच कुठं होत्या?" आबाजी समजुतीने म्हणाले. "तुमी सांगून राह्यल्या होत्या. मी त हो म्हनून राह्यलो होतो."

माइक अजून त्यांच्याच हातात होता, हे मला मांडव हसायला लागल्यावर कळलं.