माज्याकडनं फुटलं व्हय?

दौंडला जाताना न्हावरे गावाच्या पुढं माझ्या मोटारसायकलचं कॅरिअर मोडलं आणि बॅग रस्त्यावर आपटली. आतल्या, वडिलांच्या फोटोची काच फुटल्याचा आवाज मी ऐकला.

मागून येणारा एक दूधवाला थांबला. स्वतःच्या किटलीची रबरी पट्टी सोडून त्यानं बॅग माझ्या मागच्या सीटवर बांधायला घेतली. गुडघा रोवून पट्टी ताणली, तशी आत काच करकरली. त्याचे हात थबकले.

"माज्याकडनं फुटलं व्हय, दादा?"

मी मोडलेलं कॅरिअर उचलायला वाकलो.

त्यानं डोक्याचा टॉवेल बॅगेखाली घातला, हलक्या हातानं पुन्हा बांधलं. "चुकलं माजं," म्हणाला आणि सुटी किटली खडखडवत निघून गेला.

दौंडला बहिणीनं विचारलं, "काच कशी फुटली रे?"

"एका दूधवाल्यानं फोडली," मी म्हणालो.

टॉवेल तिनं धुऊन माझ्या हाती दिला. तो अजून माझ्याकडंच आहे.