फ्रीजरमधली डिस्क

रफीक गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातुरात एका नव्या क्लासच्या उद्घाटनाला व्यासपीठावर बसलो होतो. "सर, अब्बा गेले…" नांदेडहून त्याची मुलगी मुमताज बोलत होती. "येतो," म्हणालो आणि आधी भाषण उरकलं. नांदेडला पोचलो तोवर दफन झालं होतं. वरातीमागून घोडं. स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं; रफीकच्या बाबतीत मी कायम आधी माझंच उरकलं.

आमच्या क्लासच्या गल्लीत त्याचं टायपिंगचं दुकान होतं. भूकंपानंतर काही वर्षांनी त्याने एक जुना कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला, आणि किल्लारीकडच्या गावांतली माणसं त्याच्याकडे यायला लागली. ढिगाऱ्यातून निघालेले फोटो घेऊन. कुणाच्या लग्नातला, कुणाचा शाळेतला, ओल धरलेला, चुरगळलेला. त्या घोळक्यातला गेलेल्या माणसाचा चेहरा रफीक तेवढा उचलायचा, चिरा बुजवायचा, मोठा करून द्यायचा. लोक तो फ्रेम करून भिंतीला लावायचे. काम झालं तरी फाईल मात्र तो ठेवून द्यायचा. मी एकदा म्हटलं, "कशाला कचरा साठवतोस?" तर म्हणाला, "एकदा गेलेल्या माणसाला मी दुसऱ्यांदा कशाला पुसू, सर?"

तोवर लातुरात क्लासचं पीक आलं होतं. चौकाचौकात गुणवंतांचे फ्लेक्स, त्यांच्या वर आम्हा सरांचे त्याहून मोठे चेहरे. मी फिजिक्स शिकवायचो. माझे सगळे पेपर रफीकच्याच कॉम्प्युटरवर तयार व्हायचे. "फोटो सीडीवर उतरवून घेतो," असं तो वर्षभर म्हणत होता आणि मी वर्षभर त्याचा कॉम्प्युटर मोकळा होऊ देत नव्हतो. आज ही टेस्ट, उद्या ती.

मग एके सकाळी डिस्क टकटक वाजायला लागली. कॉम्प्युटर सुरूच होईना. दुसऱ्या दिवशी माझी मोठी टेस्ट होती आणि अख्खी प्रश्नपेढी त्या डिस्कवर. मी धावतपळत दुकानात गेलो तर बाकावर कोंडाबाई बसलेली. तिचा मुलगा भूकंपात गेला होता. रफीकने करून दिलेला त्याचा फोटो पावसात भिंतीला ओल येऊन फ्रेममध्येच चिकटून गेला होता, आणि मूळ फोटोचा तर केव्हाच भुगा झालेला. "लेकरू दिसंना झालंय, बाबा," ती म्हणाली. "पुन्हा काढून दे."

अशा डिस्कवर कारागिरांचा एक उपाय असतो. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ती फ्रीजरमध्ये ठेवायची. गार असते तोवर कधीकधी थोडा वेळ चालते. रफीकने ती घरी बर्फाशेजारी ठेवली आणि दुपारी आणून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. "लई झालं तर वीस मिन्टं चालंल, सर. आधी फोटो काढून घेतो. कोंडाबाईजवळ दुसरं काहीच न्हाई हो."

मी म्हणालो, "आधी माझे पेपर." तो तरी फोटोंचंच फोल्डर उघडायला लागला. तेव्हा मी जे बोललो ते आजही विसरता येत नाही. "मुमताज माझ्याच क्लासला आहे ना रे?" मी तिला फी न घेता शिकवत होतो आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने मान खाली घातली आणि माझे पेपर उतरवायला घेतले. शेवटचा पेपर उतरला आणि डिस्क थांबली. कोंडाबाई दारात उभी होती. "काय झालं, बाबा?" तिने रफीकला विचारलं, मला नाही. मी पेपर घेऊन निघालो.

पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि ती प्रश्नपेढी रद्दीत गेली. तोवर मी स्वतःचा कॉम्प्युटर घेतला होता. गरज सरो, वैद्य मरो. मुमताज शिकली, नांदेडला नोकरीला लागली, आणि दुकान बंद करून रफीक तिच्याकडे राहायला गेला. त्या फोटोंचं पुढे काय झालं, हे मी त्याला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर काय झालं असतं? तो हसला असता, एवढंच. त्या हसण्याचीच मला भीती वाटायची.

रफीकच्या चाळिसाव्या दिवशी पुन्हा नांदेडला गेलो. मुमताजने सरबतासाठी बर्फ काढायला फ्रीजर उघडला. आत, बर्फाच्या ट्रेशेजारी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ती डिस्क होती.

"ही अजून…?"

"लातूरहून येताना अब्बांनी मांडीवर धरून आणली, सर. वर्षातून एकदा लावून बघायचे. न्हाईच चालली कधी." ती ट्रेमधला बर्फ मोकळा करत होती. "म्हणायचे, एक दिवस सर विचारतील फोटोचं. तेव्हा अजून एकदा लावू."

मी पुडकं हातात घेतलं. बोटं बधिर झाली. वर चिकटपट्टीखाली कागदाचा तुकडा होता, रफीकच्या बारीक अक्षरातला. 'आधी कोंडाबाईचा माधव. मग बाकीचे.'

त्या पोराचं नाव मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"ठेवू का काढून टाकू, सर?" मुमताजने विचारलं.

"ठेव," म्हणालो. तिने माझ्या हातातून ते घेतलं, होतं तिथेच ठेवलं आणि फ्रीजरचं दार लावलं.