मागून धरलेली ओळ

भाजलेल्या तांदळाचा जपानी चहा उकळत्या पाण्यात पडला, की मला दोह्याच्या बिन महमूद भागातला साहेबांचा फ्लॅट आठवतो. तेव्हा फुटबॉल वर्ल्ड कपसाठी दोहा जागोजागी खणलेलं होतं. स्टेडियमच्या कामावरचे माझे जपानी साहेब दर शुक्रवारी दोह्यातल्या वयस्कर जपानी मंडळींना जुनी गाणी गायला बोलवत. नाशिकहून आलेल्या माझ्या आईलाही त्यांनी एकदा बोलावलं.

मंडळी दोन गटांत समोरासमोर बसली होती. एका बाजूच्यांनी गाणं सुरू केलं. आई दुसऱ्या बाजूला होती. भजनी मंडळातली ती. शब्द कळत नसतानाही ओळ संपेपर्यंत थांबली आणि टाळी देत तीच चाल मागून धरली. समोरचे तर पुढच्या ओळीवर गेले होते; ती चुकली असं वाटून मी तिच्या कानाशी पुटपुटले, "आई, पुरे. साहेबांसमोर शोभा नको."

आई थांबली. तिच्यासोबत गाऊ लागलेल्या दोन म्हाताऱ्याही गोंधळून गप्प झाल्या.

"तुमच्या आईचंच बरोबर होतं," साहेब मला इंग्रजीत म्हणाले. "दुसऱ्या गटाने मागूनच यायचं असतं."

आईला इंग्रजी येत नव्हतं, आणि मी ते तिला सांगितलं नाही. गाणं पुन्हा सुरू झालं. आई मात्र हात मांडीवर ठेवून नुसती ऐकत राहिली.

"छान गातात गं ती माणसं," लिफ्टमध्ये ती म्हणाली. मी ऑफिसचा मेल वाचत असल्याचं नाटक केलं.