इंदुबाईंची हाक

कारखान्यातून रिटायर झाल्यावर नागोरावांना घरी बसवेना, म्हणून त्यांनी जमिनीतला धातू शोधणारं मशीन घेतलं. लांब दांडा, टोकाला ताटलीएवढी चकती आणि एका कानाला हेडफोन, धातू लागला की त्यात वाजायचं. ओहोटी लागली की पाम गावाजवळच्या खाडीत उतरायचं आणि चिखलावरून मशीन फिरवायचं. होडीचे खिळे, कुणाची किल्ली, कुणाच्या बाळाचा वाळा, काहीबाही सापडे. ज्याचं त्याला नेऊन देताना गडी असा फुलायचा की विचारू नका.

इंदुबाई बांधावर बसून राहत. दोघं नांदेडकडची, पोहता कुणालाच येत नाही. त्यामुळे बाईंचा जीव सारखा टांगणीला. दर पाच मिनिटांनी हाक, "अहो, चला आता!" "अहो, चहा गार होतोय!" नागोराव ढिम्म. अडतीस वर्षं ऐकलेलं ते "अहो" त्यांना पंख्याच्या घरघरीसारखं झालं होतं.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच शेजारची हेमांगी आली. खाडीत नारळ सोडताना तिचं मंगळसूत्र तुटून पाण्यात पडलं होतं. तिचा नवरा मिथुन परवा होडी घेऊन समुद्रावर निघणार होता. घरात तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पदरानं गळा झाकून फिरत होती.

"काका, तेवडं शोदून द्या. माजा जीव थाऱ्यावर नाय," ती म्हणाली.

नागोराव उतरले. ओहोटी संपल्यावर दोन तास मिळतात, हा त्यांचा पक्का अंदाज. तो त्यांनी बांधला होता अष्टमी-नवमीच्या संथ पाण्यावर. पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांबवर हटतं आणि तितक्याच जोरानं परततं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. हेमांगीला ते जन्मापासून माहीत, पण तिला वाटलं काकांनाही माहीत असेल. त्या दिवशी चिखल कधी नव्हे इतका उघडा पडला होता, आणि हे महाशय खूश होऊन आत आत गेले.

सात वाजून गेले. नागोरावांची नजर चिखलावर आणि मधूनमधून समोर समुद्राकडे. पाणी आलं ते मागून. त्यांच्या आणि बांधाच्या मधे भरतीचं पाणी शिरायची एक खोलगट नाळ होती, तीच गुपचूप भरत होती.

"काकी, नाळ भरली!" बांधावरून हेमांगी किंचाळली. "काका, या!"

त्यांनी नुसता हात वर केला. त्यांना वाटलं, पोरगी सापडलं का विचारतेय. हेमांगी होडीवरचा दोर आणायला पळाली.

इंदुबाई एकट्या उरल्या. "अहो! अहो, मागे बघा!" नागोराव वाकून चिखल उकरत होते. पाणी नाळेच्या काठावर आलं. आता एकच हाक उरली होती, नावाची. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं आईनं लग्नाआधी सांगितलेलं. उखाण्याखेरीज ते नाव त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. आणि आता घेतलं, आणि त्यानंच काही झालं तर? पाणी नागोरावांच्या पिंढऱ्यांना लागलेलं दिसलं.

"नागोराव!"

ते वळले. आवाज बायकोचा आणि नाव आपलं, एवढ्यानंच त्यांच्या अंगावर काटा आला. मग त्यांना पाणी दिसलं आणि ते नाळेपर्यंत धावत आले.

तोवर परतलेल्या हेमांगीनं दोर फेकला. पहिल्यांदा तो वाहून गेला. दुसऱ्यांदा नागोरावांनी पकडला, पण त्यासाठी मशीन सोडावं लागलं. छातीभर पाण्यातून दोघींनी त्यांना ओढून घेतलं. बांधावर ते कितीतरी वेळ नुसते खोकत राहिले.

"वाजत होतं गं," ते हेमांगीला म्हणाले. "तिथंच होतं बहुतेक."

"राहू द्या," ती रडत म्हणाली. "मिथुनला सांगते मी. परत नका जाऊ."

नागोरावांनी बायकोकडे पाहिलं. "तू माझं नाव घेतलंस?"

इंदुबाईंनी त्यांचा ओला शर्ट दोन्ही मुठींत धरला होता.

"घेतलं," त्या म्हणाल्या. "आता ते फेडायला तुम्हाला पुष्कळ वर्षं जगावं लागेल."