वास नसलेली सकाळ

परवा मंचरला पुतण्याने गायींसाठी मुरवलेल्या चाऱ्याची, मुरघासाची, बॅग फोडली आणि त्या आंबूस-गोड वासाने मी थेट अमेरिकेतल्या आमच्या छोट्या गावात पोचले. तिथल्या बियरच्या कारखान्यात हे केमिस्ट होते. एकाच घराण्याने पिढ्यानपिढ्या ती बियर काढली, दारूबंदीत सरबतं विकून कारखाना जगवला. गावाची पहाट शिजत्या बार्लीच्या वासानेच व्हायची. मग एका मोठ्या कंपनीने ते सगळं विकत घेतलं आणि कारखाना बंद केला.

दुसऱ्या दिवशी हे नेहमीसारखे उठले आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडून उभे राहिले.

"आज वास न्हाई," म्हणाले.

"अहो, चहा घ्या."

"नाव तेच ठेवणारेत म्हणं. बियर दुसरीकडं बनवणार."

बाहेर बर्फ पडत होता. घर गार पडलं, तरी खिडकी लावायचं दोघांनाही सुचलं नाही. तेव्हा मला वाटलं, नोकरी गेल्याचं दुःख आहे. आता हे जाऊन तीन वर्षं झाली. मीही सकाळी उठते, ओट्यापाशी तशीच उभी राहते, आणि मनात काहीच उमटत नाही. ह्यांचं ते "वास न्हाई" मला आता कळतं.