कोब्यातली फट

नंदुरबारबाहेर माझी पथारी, म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं आवार आहे. माझ्या कमाईची, कोणी दिलेली नाही. शेतकरी ओली मिरची आणतो, मी मुठीत दाबतो आणि भाव पाडतो. वाळल्यावर माल किती आकसेल, ते माझ्या बोटांना कळतं.

तिथे नेहमीच्या मिस्तरींनी सिमेंटचा कोबा घातला. पाणी मी स्वतः पाइप धरून मारलं. तरी उन्हाळ्यात मधोमध फट पडली. मोटरसायकलची किल्ली आत जायची. फोनवर मी मिस्तरींना नाही नाही ते बोललो. शेजारच्या जागेत घालायच्या नव्या कोब्याचं काम त्यांना देणार नाही, हेही सांगून टाकलं.

ते सुरतेकडे कामावर होते. आले ते भर पावसाळ्यात. पाहतो तर फट नाही! केसाएवढी रेघ फक्त.

"दखाडा शेठ, कोठे शे तुमनी फट?"

किल्ली जाईना. हमाल हसायला लागले. माझं डोकं फिरलं. "तुम्हीच चोरून बुजवली!"

"हाव, गेटनं कुलूप तोडीसन उनू ना मी!" कुलूप तोडून आलो म्हणत ते उलट मलाच चिडवू लागले.

मग त्यांनी रेघेवर काचेची आडवी पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवली; फट उघडली तर काच फुटणार. काच टिकली तर नवं काम त्यांचं, फुटली तर हा कोबा त्यांनी फुकट उखडून द्यायचा, असं ठरलं.

पुढच्या उन्हाळ्यात काच मधोमध तुटली. तुकडे एकमेकांपासून सरकले होते. मी आनंदाने त्यांना बोलावलं. त्यांनी उकिडवं बसून फटीत माझी किल्ली घालून पाहिली.

"फट खरी शे, शेठ. पण मी बुजाडी नव्हती, हे भी खरं."

"मग कोणी बुजवली?"

 शेवटी फट गेली तेव्हाचा पाऊसच आम्हाला आठवला. कोब्यावर ओली पोती पसरून आम्ही बरेच दिवस ती भिजत ठेवली. काचेचे तुकडे हळूहळू जवळ आले.

दगडासारखा कोबा पाणी पिऊन फुगतो, वाळून आकसतो? वाळलेली मिरची भिजवली तर सडते, हा परत भरतो. मिस्तरींनाही ते नवीनच होतं. काच तर फुटली होती, पण उखडा म्हणायला तोंड उघडेना.

नवा कोबा त्यांनाच दिला. कोब्याला फुगायला-आकसायला जागा हवी म्हणून ते म्हणाले, "आते मधमा सांधा सोडसू."

"म्हणजे फट तुम्हीच ठेवणार? मग तेवढ्या जागेची मजुरी कापणार मी."

ते हसले. मी मात्र गंमत करत नव्हतो. माझं दोन उन्हाळ्यांचं भांडण नक्की कोणाशी होतं, ते मला अजून कळलेलं नाही.