दोन नाक्यांमधले हबीब सर

हबीबुद्दीन इनामदार सरांची नि माझी पहिली ओळख तारेनं झाली. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कलेक्टर कचेरीत टेबलं उसनी, शिक्के मात्र नवे कोरे, आणि मी तिथला नवा कारकून. दुष्काळामुळं माझे थोरले बंधू मन्मथअण्णा आखातात रस्त्याच्या कामावर गेले होते. तारेत लिहिलं होतं: 'बंधू सीमेवर अडकले. रहिवासी दाखला धाडा. मजकूर पासपोर्टप्रमाणेच लिहा. इनामदार, दुभाषी, भारतीय वकिलात.'

सरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी संपादक मंडळींनी मला 'चार चांगले शब्द' मागितले. चांगलं लिहीन, गोड लिहिता येणार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

झालं होतं असं. एकमेकांच्या शेजारच्या दोन अरब सरकारांचं बिनसलं आणि सीमा बंद झाली. त्यांची नावं सर आजही घेऊ देत नाहीत. आपल्याकडची अकरा माणसं ट्रकसकट दोन नाक्यांच्या मधे सापडली. मागचे म्हणाले, ही आमच्याकडून गेली. पुढचे म्हणाले, आमच्याकडं आलीच नाहीत. दोघांची भाषा एक, खाणंपिणं एक, एकमेकांत सोयरिकी. पण बोलाचाली बंद. त्यामुळं एकाच भाषेतला निरोप इकडून तिकडं न्यायला उदगीरचे हबीब सर लागले. त्या भट्टीसारख्या उन्हात ते दिवसातून चार-चार वेळा पायी ये-जा करत.

सरांची काम करायची एक रीत होती. इकडच्या अधिकाऱ्यानं म्हणावं, "सांगा त्यांना, तुम्ही खोटारडे आहात." सरांनी तिकडं जाऊन सांगावं, "साहेबांना तुमचे कागद पुन्हा एकदा बघायचेत." आणि मूळ शब्द दुसऱ्या दिवशी फुटलाच, तर सर कान पकडून म्हणत, "निरोप मीच चुकवला, हुजूर." मग दोन्हीकडचे अधिकारी सरांना यथेच्छ झापत, आणि झापून झालं की पुढचं बोलायला तयार होत. मी त्यांना पुढं एकदा विचारलं, अपमान वाटत नव्हता का? सर हसले. "अरे महादेव, रागावलेल्या माणसाला शिव्या घालायला कुणीतरी लागतंच. एकमेकांना घालण्यापेक्षा मला घातल्या, तर बिघडलं काय?"

अशा शिव्या खात खात त्यांनी तोड काढली. ज्याचा दाखला त्याच्या जिल्ह्यातून येईल आणि पासपोर्टाशी जुळेल, त्याला सोडायचं. हदगाव, बिलोलीकडच्या दहाजणांचे दाखले नांदेडहून गेले आणि ती माणसं सुटली.

अण्णांचा दाखला मी लिहिला. पासपोर्टवर जिल्हा उस्मानाबाद होता, त्याची नक्कल घरी पेटीत होती, तार समोर पडली होती. पण नव्या जिल्ह्याची मला कोण मिजास! ऐटीत 'जिल्हा लातूर' लिहिलं, वर नवा शिक्का हाणला आणि धाडून दिलं. दोन्ही नाके म्हणाले, हा माणूस दुसराच कुणीतरी आहे. गाव जागेवरच आहे, जिल्हा तेवढा बदलला, हे पटवण्यात सरांचे नऊ दिवस गेले. आठव्या दिवशी, तापानं फणफणलेल्या अण्णांनी ट्रकच्या सावलीत प्राण सोडला.

सर स्वतः अण्णांची शवपेटी घेऊन गावी आले. आमच्या लिंगायतांत बसवून माती देतात, पण पेटी उघडण्याजोगी नव्हती. अण्णांना आडवंच ठेवावं लागलं. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, सरांना एकच विचारलं, "उशीर कुणामुळं झाला?"

मी दाराशी उभा होतो. दाखल्यावरची माझी सही सरांनी पाहिलेली होती. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "अव्वा, माझ्यामुळं. तुमच्या महादेवानं कागद बराबर धाडला होता. निरोप मी चुकीचा नेला."

"तुझं वाटोळं होईल," अव्वा म्हणाली. "माझं लेकरू उन्हात मारलंस." मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर सर दरवर्षी अण्णांच्या दिवसाला येत. आधी रजा काढून, पुढं नांदेडच्या कॉलेजात अरबी शिकवू लागल्यावर एसटीनं. अव्वा घरात बजावून ठेवी, "त्या माणसाला पाणी द्यायचं न्हाई." सर ओट्याच्या कडेला घडीभर बसत आणि उठून जात. एकदा त्यांना सोडायला उदगीरच्या स्टँडवर गेलो, तेव्हा मी म्हणालो, "सर, आज मी सांगून टाकतो." त्यांनी माझं मनगट धरलं. "एक पोरगा गेला तिचा. तू सांगितलंस की दुसराही जाईल. माझ्यावर रागावून राहिली ना, राहू दे." मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आजही सलतं.

अव्वा गेली तेव्हा तिचं शेवटचं सांगणं होतं, की इनामदाराला माझ्या मातीला येऊ देऊ नका. तो निरोप मी सरांना कळवला. सर आले नाहीत. गावाच्या फाट्यावर ते उन्हात दिवसभर उभे होते, असं चार दिवसांनी कळलं.

सर, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो. पाय चालते राहोत, नजर शाबूत राहो आणि हे पान तुम्ही स्वतः वाचावं. अण्णा माझ्यामुळं गेले. अव्वाच्या तोंडावर बोलायची छाती झाली नाही आणि ती गेल्यावर छापून सांगतोय, हाही भेकडपणाच. सत्काराच्या दिवशी लोक तुम्हाला याबद्दल विचारतील. तुम्ही सवयीनं म्हणाल, महादेवच्या लक्षात नाही, चूक माझीच होती. हात जोडतो सर, या वेळी तसं म्हणू नका.